माशीचे पंख

उदगीरला, नगरपालिकेच्या मागच्या गल्लीत,
मुळजकर डॉक्टरांच्या दवाखान्यात
मुजीब आणि मी एका बाकावर,
दोघांच्या मांडीवर एकेक फाईल, दोघांत एक पेन.
दिल्लीच्या मेडिकलआधी इथंच बघून घेऊ,
मुजीब म्हणाला होता. उगं तिथं जाऊन फजिती नको.

अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली,
खालचा छापखान्याचा पत्तासुद्धा.
ठिपक्यांतले आकडे पटापट: बारा, आठ, एकोणतीस.
डॉक्टर म्हणाले, व्वा.
मग त्यांनी कपाटातून एक पुस्तिका काढली,
काळपट काचांचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला
आणि पान उघडलं.

पानभर एक माशी.
काळी, केसाळ, गुऱ्हाळावरच्या माशीच्या शंभरपट.
"धर तिचे पंख. चिमटीत."
मी धरले.
बोटं कागदावर टेकली. गुळगुळीत, गार.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
"परत धर."
परत कागद.

मुजीबची पाळी आली.
त्याची चिमूट कागदाच्या दोन बोटं वरच थांबली.
जिथं काहीच नव्हतं तिथं त्यानं पंख धरला
आणि "शी!" म्हणून हात मागं घेतला.
मग माझ्याकडं बघितलं, हसू आवरलं.
ते आवरलेलं हसू मला नीट दिसलं.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
"डोळे दोन्ही चांगलेत तुझे. एकेकटे नंबरी.
पण एका घरात दोन चुली आहेत, बाळा.
तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं असतं तर..."
पुढचं वाक्य त्यांनी पुस्तिकेबरोबर कपाटात ठेवलं.

म्हणजे हे असं होतं तर.
म्हणून माझा चहा बशीत,
म्हणून जिन्याला मला कायम एक पायरी जास्त,
म्हणून सातवीत पोरांनी
मला स्लिपमधून काढून वही दिली, धावा मांडायला.
मी समजत होतो, मी वेंधळा.
आई समजत होती, माझं ध्यान नसतं.
वीस वर्षं मी एका चित्रात राहत होतो
आणि चालताना त्याला घासत होतो.

जळकोटच्या बसमध्ये मुजीब खिडकीपाशी गप्प.
मी डावा डोळा झाकला.
बाभळी, खांब, सोयाबीन, माळावरचा दर्गा.
उघडला.
तेच.
उजवा झाकला. तेच.
"काय करायलास?"
"काही नाही."
मग त्यानंही एक झाकून बघितला, उघडला.
त्याच्या तोंडावर काय फिरलं, ते मी विचारलं नाही.

बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
विहिरीत उतरायचं असलं की दोर किती सोडायचा
ते मला विचारतात, मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून.
मी वाकून बघत नाही. खडा टाकतो.
एक, दोन, डुब्ब.
"अकरा परस," मी म्हणतो.
बाबा तेवढाच दोर सोडतात, आणि त्यावर जीव.
त्या संध्याकाळीही एक विहीर होती, वांजरवाड्याच्या वाटेला.
दोर पुरला.
मेडिकलचं त्यांनी विचारलं नाही,
वर येताना फक्त हात मागितला.
माझा हात एकदा हुकला. मग सापडला.

निघताना मी डॉक्टरांना एक विचारलं होतं:
ढगांच्या वर गेल्यावर कसं दिसतं मग त्यांना?
ते म्हणाले, "तितक्या लांबचं कुणालाच उठून दिसत नाही.
तिथं सगळेच तुझ्यासारखे.
अडतं ते उतरताना."

मुजीबची फाईल चुकून माझ्याकडंच राहिली.
वर त्यानं विमानाचं स्टिकर लावलंय.
रात्री, दिव्याखाली, मी त्याचा पंख चिमटीत धरला.
तो खरंच कडेनं थोडा सुटला होता.
डिंक शोधला,
आणि दाबून बसवला.